सल्ले द्या, पण वजन करून

लहान मुलांच्या पालकांना पर्यावरणाचे सल्ले देणाऱ्या सर्व संस्था, तज्ज्ञ, लेखक आणि शिक्षक मंडळींना,

स. न. वि. वि.

आमच्या फ्रिजवर गेली सहा वर्षं एक यादी चिकटवलेली आहे. तुमच्यापैकीच कुणीतरी छापलेली. ‘पर्यावरणस्नेही घरासाठी पन्नास सोप्या गोष्टी.’ थोरली जन्मली त्या आठवड्यात मी ती लावली. धाकटा आता दोन वर्षांचा आहे, आणि त्याने खालचा कोपरा फाडून चघळल्यामुळे सेहेचाळीसच्या पुढचे सल्ले आम्हाला कायमचे अंतरले. उरलेल्यांपैकी आमच्या घरात खरोखर किती पाळले जातात ते परवा मोजलं. अकरा. त्यातले सात तर आम्ही पर्यावरणासाठी सुरूच केले नव्हते. दमलो होतो म्हणून सुरू झाले.

तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. तसं वाटलं असतं तर यादी केव्हाच रद्दीत गेली असती. माझा आक्षेप ‘सोप्या’ या शब्दाला आहे, आणि त्याहून जास्त यादी मांडण्याच्या पद्धतीला. दात घासताना नळ बंद करा, हा सल्ला नववा. गाडी शक्यतो वापरू नका, हा दहावा. दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरात. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्हींचं वजनही सारखंच असणार. मग दमलेला माणूस जे करेल तेच मी केलं. नळ बंद केला आणि गाडीची किल्ली उचलली.

लंगोटांपासून सुरुवात करतो, कारण तो विषय माझा आहे. तुमचे लेख बहुतेक ‘मैत्रिणींनो’ म्हणून सुरू होतात. आमच्या घरी लंगोट मी धुतले.

दिवसाला चार डायपर धरले तरी अडीच वर्षांत साडेतीन हजारांच्या वर जातात. हा ढीग डोळ्यांसमोर आणून तुम्ही सांगितलंत, कापडी वापरा. आम्ही कापडी घेतले. दोन डझन, कोरे करकरीत. पाच-सहा साठले की मशीन लावायचं, पाणी कडकडीत गरम, ढगाळ दिवस असला की ड्रायर. मनात मोठं समाधान. थोरली वर्षाची झाल्यावर कधीतरी रात्री तिला मांडीवर झोपवताना ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा २००८ सालचा अहवाल वाचनात आला. त्यांनी डायपर आणि कापडी लंगोट या दोन्हींचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका बाळामागे डायपरचं कार्बन उत्सर्जन सुमारे ५५० किलो, आणि सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडी लंगोटांचं सुमारे ५७० किलो. म्हणजे माझ्या पुण्याईत अडीच वर्षांअखेर वीस किलोची तूट.

पण त्याच अहवालात पुढे जे होतं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. मशीन पूर्ण भरूनच लावलं, लंगोट बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडी लंगोटांचा आकडा चाळीस टक्क्यांनी, म्हणजे दोनशेएक किलोंनी उतरतो. डायपरचा बराचसा भार तो बनवण्यात असतो. आपण तो कसाही बांधला तरी फारसा फरक पडत नाही. लंगोटाचा भार मात्र धुण्या-वाळवण्यात असतो, म्हणजे सगळा आपल्या हातात. (ब्रिटन सरकारने २०२३ मध्ये नवा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कापडी लंगोट साधारण पंचवीस टक्क्यांनी पुढे आहेत. तेव्हा कापडीवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही.)

तुम्ही मला वस्तू सांगितलीत, ती कशी वापरायची ते सांगितलं नाहीत. आणि सगळा फरक तिथेच होता.

पिशव्यांचंही तेच. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी केवळ हवामानाच्या बाबतीत बरोबरी करायची तर सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन असे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा, आणि सुती पिशवी सेंद्रिय कापसाची असेल तर त्याहूनही जास्त. उघड्यावर पडून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचं नुकसान त्या हिशेबात नाही, हे मान्य. तरीही आमच्या घरी पिशव्यांची एक पिशवी आहे, आणि त्यातल्या निम्म्या पिशव्या तुमच्याच कार्यक्रमांत फुकट मिळालेल्या आहेत. तेवढं कृपा करून थांबवा.

लाकडी खेळण्यांची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. प्लास्टिकची खेळणी वाईट, लाकडी चांगली, असं वाचून आम्ही एका रविवारी घरातली धडधाकट प्लास्टिकची खेळणी खोक्यात भरून बाहेर काढली आणि त्यांच्या जागी नवी लाकडी आणली. म्हणजे एकदा बनलेली, पुढची दहा वर्षं सहज टिकली असती अशी वस्तू कचऱ्याच्या वाटेला लावली आणि वर नवी विकत घेतली. सोमवारी सकाळी धाकटा त्या देखण्या लाकडी ठोकळ्यांकडे पाठ करून पातेल्याच्या झाकणाशी खेळत होता.

आणि ते प्लास्टिक पुन्हा वापरात येईल ही आशाही फोल. जगात २०१५ पर्यंत प्लास्टिकचा जेवढा कचरा झाला, त्यातला जेमतेम नऊ टक्के पुनर्वापराच्या प्रक्रियेतून गेला, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात दिसलं. सुमारे बारा टक्के जाळला गेला, बाकीचा जमिनीत किंवा उघड्यावर. खेळण्यात तर चार प्रकारचं प्लास्टिक, एक स्प्रिंग, दोन स्क्रू, बॅटरी आणि डिंक असा काला असतो. त्याचे भाग वेगळे करत कोण बसणार? त्यामुळे सगळ्यात कमी वाईट खेळणं म्हणजे जे आधीच कुणाच्या तरी घरात आहे ते. कपड्यांचंही तसंच. तुमच्या यादीत ‘सेंद्रिय सुताचे कपडे घ्या’ हे सातव्या क्रमांकावर आहे. ‘मोठ्याचे लहानाला घाला’ हे कुठेच नाही. त्यात विकण्यासारखं काही नाही म्हणून तर नव्हे?

अर्थात जुनं ते सगळं घ्या, असंही सरसकट सांगू नका. लहान मुलांच्या बाबतीत याला खऱ्या मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगणं तुमचं काम आहे. अपघातातून गेलेली किंवा इतिहास माहीत नसलेली कारमधली बाळाची खुर्ची घेऊ नये. आपटलेलं हेल्मेट घेऊ नये. बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकायला बंदी आहे, कारण त्यात अडकून बाळं दगावली होती; तसला जुना पाळणा कितीही सुबक असला तरी नको. रंगाचे पोपडे उडालेल्या जुन्या खेळण्यात शिसं असू शकतं, आणि मऊ प्लास्टिकच्या जुन्या खेळण्यात थॅलेट्स, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं. युरोपीय संघाने त्यांच्यावर २००५ मध्ये कायमची बंदी घातली, त्याआधी ती सर्रास वापरात होती. हे चार-पाच अपवाद पालकांना नीट सांगितले, तर बाकीचं सगळं ते बिनधास्त एकमेकांकडून घेतील.

नेमकं सांगण्याचा एक चांगला नमुनाही मी पाहिला आहे. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. गरम पाणी घालून हलवल्यावर एका लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त, असं त्यांना आढळलं. ही बातमी आली त्या रात्री आमच्या घरी कुणाला झोप लागली नाही. पण संशोधकांनी उपायही सांगितला होता. पाणी प्लास्टिक नसलेल्या भांड्यात उकळा, बाटली निर्जंतुक केल्यावर ती उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळा, दूध काचेच्या भांड्यात कालवा, गार होऊ द्या आणि मग बाटलीत ओता. बाटलीतलं दूध मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम करू नका. एवढंच. नवं काही विकत आणायला नको, की लाज वाटून घ्यायला नको. असा सल्ला मध्यरात्रीही पाळता येतो. तुमच्यापैकी अनेकांनी मात्र आकडा तेवढा उचललात आणि कृती सोडून दिलीत.

आता आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यांत बदनाम आकड्याबद्दल बोलू. कोणत्या सवयीने किती कार्बन वाचतो याचा सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या संशोधकांचा २०१७ सालचा अभ्यास तुम्हाला माहीत आहे. त्यातला तक्ता तुम्हीच गावभर फिरवलात. विकसित देशांतल्या एका माणसाने गाडीशिवाय जगायचं ठरवलं तर वर्षाला सुमारे २.४ टन कार्बन वाचतो. अटलांटिकपारची एक विमानफेरी टाळली तर १.६ टन. वनस्पतीजन्य आहार घेतला तर ०.८ टन. कचऱ्याचं काटेकोर वर्गीकरण आणि पुनर्वापर त्या आहाराच्या एक चतुर्थांश कामाचं, आणि दिवे बदलणं एक अष्टमांश. हा तक्ता मला मनापासून आवडतो. मला हवं ते वजन त्यात आहे. फ्रिजवर एवढाच कागद लावला असता तरी पुरलं असतं.

पण तक्त्यात सगळ्यांत वर होतं: एक मूल कमी होऊ देणं, ५८.६ टन. मांडीवर मूल घेऊन बसलेल्या माणसाने या ओळीचं काय करायचं? हिशेब कसा केला आहे हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. मुलाच्या, नातवंडांच्या, पतवंडांच्या भावी उत्सर्जनाचा वाटा आज जिवंत असलेल्या आईबापाच्या नावावर टाकायचा आणि त्याला त्या आईबापाच्या सरासरी आयुर्मानाने भागायचं. त्यात पुढच्या पिढ्याही आपल्याइतकाच धूर सोडत राहतील असं गृहीत धरलेलं. ते उत्सर्जन कमी करणं हेच जर आपलं सगळ्यांचं काम असेल, तर ते होणारच नाही असं धरून काढलेला आकडा जन्मलेल्या मुलाच्या बापाच्या तोंडावर मारण्यात काय हशील? थोरलीला उचलून मी त्या तक्त्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तुमचा राग आला.

त्यातली गाडीची ओळ मात्र मी मनावर घेतली. मूल झालं की घरात गाडी येते, किंवा असलेली गाडी मोठी होते, हे आपण सगळेच जाणतो. आम्हीही त्यातलेच. थोरलीची शाळा चालत वीस मिनिटांवर आहे. तिच्या पायांनी पस्तीस. गाडीने सहा. त्या पस्तीस मिनिटांत ती प्रत्येक गोगलगायीपाशी थांबते. पहिले दोन आठवडे मी चिडचिडलो. मग शेजारच्या तीन घरांतली मुलं एकत्र चालवायचं ठरलं, एका दिवशी एकच पालक बरोबर जाणार. इतर देशांत याला ‘वॉकिंग बस’ म्हणतात. आठवड्यातले तीन दिवस मला सुट्टी मिळाली, आणि तेव्हापासून ही सवय टिकली. गाडी विकलेली नाही. पण आता ती आठवड्यातून दोनदाच निघते.

पण वाटेत एक चौक असा आहे की तिथे फूटपाथच संपतो. तिथे चौघांचा हात धरायला मला चार हात हवेत. मुलं मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात आणि त्यांची नाकं गाड्यांच्या धुराच्या उंचीवर असतात. जगातली पंधरा वर्षांखालची ९३ टक्के मुलं प्रदूषित हवेत श्वास घेतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय. त्या चौकाबद्दल तुमची पन्नास कलमं मूग गिळून बसतात, कारण ती सगळी ‘तुम्ही’ने सुरू होतात. एक सल्ला कधी रस्ते बांधणाऱ्यांनाही उद्देशून लिहा. आपल्या प्रत्येकाच्या ‘कार्बन फूटप्रिंट’ची चर्चा घराघरांत पोचवण्यात २००० नंतरच्या दशकात बीपी (पूर्वीची ब्रिटिश पेट्रोलियम) या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हे आठवलं की माझी चिडचिड थोडी समजेल तुम्हाला.

दमण्यातून सुरू झालेल्या ज्या सात सवयींचा उल्लेख वर केला, त्यांतली सगळ्यांत मोठी अन्नाची. धाकट्याचं ताट आधी मोठ्या हौसेने भरायचो. तो दोन घास खाऊन उठायचा, उरलेलं मी खायचो, आणि मला पोट सुटलं. मग ताटलीत दोनच घास वाढायला लागलो. हवं असेल तर मागेल. मागतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून गेलं. दुकानदार, हॉटेलवाले यांच्याकडे बोट दाखवायची सोयच राहिली नाही. लहान मुलांच्या घरात वाया जाणारं अन्न बहुतेक ‘आणखी थोडं खाईल’ या आशेपोटी जातं, असं माझं निरीक्षण आहे. ही सवय तुमच्या यादीत एकतिसावी आहे, ‘जुन्या ब्रशने फरशीच्या कडा घासा’च्या खाली.

बाकीच्या सवयीही तशाच आळशी. डाग पडला नसेल तर कपडा दुसऱ्या दिवशीही घालायचा. मुलांना रोज नवी बादली भरण्याऐवजी एका पाण्यात दोघांची अंघोळ. वेट वाइप्स बंद, ओलं फडकं सुरू. कारण ‘फ्लश करता येतील’ असं लिहिलेले वाइप्स आम्ही फ्लश केले आणि तिसऱ्या आठवड्यात प्लंबर बोलवावा लागला. (लंडनच्या व्हाइटचॅपलखालच्या गटारात २०१७ मध्ये अशाच वाइप्सचा आणि चरबीचा अडीचशे मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला होता. आमचा त्या मानाने किरकोळ.) यातली एकही गोष्ट करायला जास्त वेळ लागत नाही. उलट वेळ वाचतो. ज्यात वेळ जास्त जातो ती सवय लहान मुलांच्या घरात पहिल्या तापाबरोबर मोडते. घरी साबण बनवायचा प्रयोग धाकट्याच्या कानदुखीने संपला.

शिक्षक मंडळींना वेगळं सांगायचं आहे. थोरली मागच्या वर्षी एका कार्यक्रमातून घरी आली आणि रात्री अंथरुणात रडायला लागली. समुद्रातली कासवं मरतात ती आपल्यामुळे का, आपण वाईट आहोत का, असं विचारू लागली. पाच वर्षांची होती. पुढचे कित्येक दिवस ती घरातल्या प्रत्येक नळावर पहारा देत होती आणि आजीला हात धुऊ देत नव्हती. दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांच्या २०२१ मधल्या पाहणीत ५९ टक्के जण हवामानाच्या प्रश्नाने खूप किंवा अतिशय चिंतेत होते. ती चिंता वाजवी आहे. पण त्यांच्यातल्या बहुतेकांना निदान मतदान करता येतं, मोर्चा काढता येतो, नोकरी निवडता येते. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात फक्त नळ आहे.

बालहक्कांच्या १९८९ च्या करारातलं २९ वं कलम सांगतं, शिक्षणाने मुलांच्या मनात नैसर्गिक पर्यावरणाबद्दल आदर रुजवावा. आदर म्हटलंय, भीती नाही. थोरलीचं रडणं थांबलं ते खताच्या डब्यामुळे. मी तिला त्यातले किडे दाखवले. वास यायला लागला की हवा कमी पडतेय असं समजायचं, सुकी पानं घालायची आणि हलवायचं, एवढं ती शिकली. आता डब्याची मालकीण ती आहे. कोण काय टाकतंय यावर तिचं बारीक लक्ष असतं, पण या पहाऱ्यात हसू आहे. आणि हो, ‘टाकाऊतून टिकाऊ’ या प्रकल्पासाठी पालकांना नव्या बाटल्या, चकाकी आणि रंगीत थर्माकोल आणायला लावू नका. आमच्या घरी तो टिकाऊ हत्ती चार दिवसांनी टाकाऊ झाला.

तेव्हा मागणं एवढंच आहे. यादी लहान करा आणि वजनाच्या क्रमाने लावा. वस्तू सांगितलीत की ती कशी आणि किती वर्षं वापरायची तेही सांगा. आणि प्रत्येक सल्ल्यापुढे त्याला किती मिनिटं लागतात ते लिहा, तेही रडणारं मूल कडेवर असताना. छापण्याआधी ती यादी एखाद्या तापाच्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी चालवून पाहा. आमचं घर चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लंगोट धुणारा एक बाप

ता. क. धाकट्याचे लंगोट गेल्या महिन्यात सुटले. दोन मुलांनी वापरलेले ते दोन डझन, त्यातले तीन फाटून फडकी झालेले, बाकीचे आता शेजारी नवीन बाळ आलंय त्यांच्याकडे गेले. देताना त्यांनी विचारलं, धुवायचे कसे? यादी फ्रिजवरून काढली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं: मशीन भरल्याशिवाय लावू नका, दोरीवर वाळवा, झालं की पुढे द्या.